कोरडा सेन्सर

जावयाने जुन्या आडव्या फ्रीजरला बाहेरून थर्मोस्टॅट जोडला आणि आत घरी बनवलेल्या बिअरची वीस लिटरची टाकी बसवली. बिअर गोठू नये, नुसती गार राहावी, एवढीच माफक अपेक्षा. आत एका वायरला सेन्सर लोंबकळत होता. तो म्हणेल तेव्हा कॉम्प्रेसर सुरू, तो म्हणेल तेव्हा बंद. अडचण एवढीच, की सेन्सर दर तीन मिनिटांनी मत बदलत होता.

खट्. घुर्रर्र. खट्.

"हे यंत्र आहे का उचकी?" सासऱ्यांनी विचारलं. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले, आणि फ्रीजर नेमका त्यांच्या खोलीच्या भिंतीला टेकलेला. सोमवारी त्यांनी निकाल दिला. "जावईबापू, शनिवारी पाचला भंगारवाला येतोय. तोवर हे गप्प झालं तर ठीक. नाहीतर बिअरसकट जाईल."

"टाकी तरी ठेवा, बाबा."

"सकट."

आधीच्या तीन खेपांपैकी पहिली आंबली, दुसरी फुटली, तिसरीने शेजाऱ्यांची तुंबलेली मोरी मोकळी झाली. ही चौथी. हिला चक्क बिअरचा वास येत होता.

मंगळवारी त्याने फ्रीजरखाली रबर घातलं. आवाज रबरातून येऊ लागला. बुधवारी पहाटे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: सेन्सर हवेत आहे, आणि हवा घडीत गार, घडीत गरम. बिअरला त्याचं सोयरसुतकही नाही! त्याने सेन्सर पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि घड्याळ घेऊन बसला. चाळीस मिनिटं खट् नाही की खुट् नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासताना तो शीळ घालत होता.

संध्याकाळी घरी आला. खट्. घुर्रर्र. सेन्सर पुन्हा हवेत, वर ठणठणीत कोरडा.

गुरुवारी त्याने सेन्सर चिकटपट्टी लावून बुडवला. संध्याकाळी पट्टी बाटलीला नीट गुंडाळलेली आणि सेन्सर हवेत.

"तू काढतेस का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मला दुसरे उद्योग नाहीत? तूच झोपेत काढत असशील. मागे झोपेत माझा चष्मा घासून ठेवला होतास. शून्य नंबर झाला त्याचा."

शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि वाळत घातलेल्या चादरीमागे दबा धरून बसला. ठीक अकराला सासरे टॉवेल घेऊन आले. त्यांनी झाकण उघडलं, सेन्सर बाटलीतून काढला, तान्ह्या बाळासारखा टिपला आणि हवेत टांगला.

"बाबा!"

"किंचाळू नका. आतली हवा हलते."

"सेन्सर का काढलात?"

"ओला होता. ओल्या थर्मामीटरचं रीडिंग कमी येतं. चौतीस वर्षं मी ओला वेगळा, कोरडा वेगळा टांगलाय. माझ्या घरात हा अडाणीपणा चालणार नाही."

"म्हणजे रोज तुम्हीच हा आवाज सुरू करताय, आणि वर तुम्हीच फ्रीजर भंगारात घालताय?"

"ती तक्रार वेगळी आहे."

जावयाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, पण मला हवा मोजायचीच नाहीये!"

आतून बायको धावत आली. "अरे, काय बोलतोयस बाबांना!"

सासऱ्यांचा चेहरा पडला होता. "हवा नाही? मग मोजताय तरी काय?"

"बिअर! पाण्यासारखी, सावकाश गार होणारी, एका जागी पडून असलेली बिअर!"

"समुद्र," सासरे म्हणाले.

"काय?"

"समुद्राचं तापमान म्हणा की सरळ. ते बादलीभर पाणी काढून, त्यात बुडवूनच घेतात. चार दिवस तोंडाला कुलूप लावलं होतंत का?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सेन्सर बाटलीत सोडला, बरोबर मध्यावर.

कॉम्प्रेसर आता दोन तासांतून एकदा, तोही दबक्या आवाजात चालू लागला. शनिवारी भंगारवाला आला, अर्धा तास भिंतीला कान लावून बसला आणि हात हलवत परत गेला.

रविवारी जावई ग्लास घेऊन पोचला. बिअर काढायची नळी आतच होती. पण झाकणावर वही घेऊन सासरे बसलेले.

"उठा ना, बाबा. उघडायचंय."

"सात दिवस सलग नोंदी लागतात. उघडलंत, तर पुन्हा पहिल्यापासून."

"अहो, पण बिअर माझी आहे!"

"समुद्र कुणाचा नसतो," सासरे म्हणाले आणि त्यांनी वेळ लिहिली.

जावई दात खात उभा राहिला. फ्रीजर इतका गप्प होता, की तेवढाच आवाज घरभर ऐकू गेला.