सोळा प्रोसेसर आणि थंडमहाराज

अखेर ताईंची नोकरी वाचली आणि थंडमहाराज मागच्या दारानं निघून गेले. मात्र कार्यालयाच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही. तेव्हा आपणही काही ठाऊक नसल्यासारखं सुरुवातीपासून बघू.

बसच्या तिकिटांच्या आमच्या कार्यालयात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांबाहेर प्रवासी, आत आम्ही कारकून आणि मधोमध सर्व्हरच्या कपाटावर तळहात टेकवून थंडमहाराज. तापलेली यंत्रं थंड करण्यात त्यांचा हातखंडा होता. आमचा सर्व्हर तर इतका मंदावला होता की, तिकीट निघेपर्यंत माणसाचा जायचा बेत बदलायचा.

"या यंत्राला सोळा मस्तकं!" महाराज गरजले. "पंधरा शांत. पहिल्यात संताप!"

भिंतीवरच्या पडद्यावर खरंच सोळा प्रोसेसरच्या सोळा पट्ट्या होत्या. पहिली शंभर टक्क्यांवर, बाकीच्या लोळत पडलेल्या.

"सर्वांनी कीबोर्डवरचे हात काढा. श्वास यंत्राला अर्पण करा."

आम्ही काढले, केले. पहिली पट्टी घसरत घसरत तीनवर आली. खिडकीबाहेरच्या एका आजींनी हात जोडले.

"आणि हा संताप कुणामुळे, महाराज?" साहेबांनी विचारलं.

महाराजांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंकडे बोट दाखवलं. साहजिकच होतं. पहिल्या भेटीत "तुम्ही नक्की काय करता?" असं महाराजांना एकट्या ताईंनीच विचारलं होतं.

"या बाईंची छाया पडते."

साहेबांनी ताईंना कामावरून कमी केल्याचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"खुशाल सही करा," ताई म्हणाल्या. "फक्त एकदा महाराजांनी हेच आमचं काम चालू असताना करून दाखवावं."

"श्रद्धेला अटी घालू नयेत, बाई!"

"घालू देत की!" रांगेतून आवाज आला. "आमची तिकिटं तरी निघतील."

आम्ही टाइप करू लागलो, तशी पट्टी पुन्हा शंभरावर गेली. महाराजांनी एक तळहात लावला, दोन लावले, शेवटी कपाळ टेकवलं. पट्टी तिथून हलली नाही. कपाळावर मात्र कपाटाच्या जाळीची सुबक नक्षी उमटली.

"आता महाराज, तुम्ही लांब उभे राहा," ताई म्हणाल्या. "बाकीच्यांनी हात काढा."

पट्टी मुकाट तीनवर आली.

"अगं बाई, काम थांबवलं की थंड होतं होय?" आजींनी जोडलेले हात सोडले. "तसा माझा जावई कायमचाच थंड आहे."

"पण पहिलाच का तापतो?" साहेबांनी विचारलं.

ताईंनी पडद्यावर एक तक्ता उघडला. "तिकिटाची प्रत्येक मागणी यंत्रात आली की प्रोसेसरचं दार वाजवते: हातातलं ठेव, आधी मला बघ. याला इंटरप्ट म्हणतात. हे बघा, पहिल्याच्या रकान्यात लाखोंचा आकडा, बाकी पंधरांच्या रकान्यात शून्य. घरात सोळा सुना आणि दार वाजलं की उठायचं फक्त थोरलीनं! यंत्रात एक सेवा असते, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम; ती या मागण्या सगळ्यांत वाटून देते. ती बंद आहे. कुणी केली?"

साहेब खाकरले. "महाराज म्हणाले होते, यंत्रात जो नुसता बसून खातो त्याला घालवा. मी बघितलं, तर ती काहीच करताना दिसेना."

"साहेब, काम वाटून देणारा दिसायला रिकामाच असतो."

साहेबांनी आपल्या मोकळ्या टेबलाकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी केली, आणखी एक केली आणि तो खिशात घातला.

ताईंनी सेवा पुन्हा सुरू केली. आमचे हात कीबोर्डवर असतानाच पहिली पट्टी खाली आली, बाकीच्या थोड्या थोड्या उठल्या. तिकिटं निघू लागली.

"पाहिलंत? कृपा झाली," महाराज म्हणाले आणि मागचं दार कुठे आहे ते विचारू लागले.

यंत्र असो वा माणूस, बिघाडाचं कारण शोधलं तर सापडतं. कुणाच्या छायेवर ढकललं तर नुसता एक माणूस जातो. सबब, वरिष्ठांस नम्र विनंती की, यापुढे कार्यालयात कोणताही चमत्कार मंजूर करण्यापूर्वी, तो न करता काय होते हे एकदा पाहण्याची लेखी परवानगी कर्मचाऱ्यांस मिळावी.