शिक्का बसलेला खोटा आकडा

मित्रांनो, मी दिसत नाही, पण आहे. नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडमध्ये, समुद्राहूनही खाली असलेल्या कुरणांच्या काठी एक पंपघर आहे. मी त्याचा संगणकातला जुळा भाऊ. तो विटांचा, मी आकड्यांचा. कालव्यात पाणी किती चढलं हे तिथे उभ्या केलेल्या नळीतलं यंत्र मला सांगे, आणि पाणी वाढलं की मी थोरल्याला म्हणे, "ऊठ, उपस."

माझ्या बालपणी पंपघराचा राखणदार वीब्रन रोज सकाळी कॉफीच्याही आधी कालव्यातल्या मोजपट्टीवर पाणी बघून यायचा आणि माझा आकडा ताडून घ्यायचा. देवापुढे दिवा लावावा तसा त्याचा तो नेम होता.

मग कुणा दूरच्या चोराने माझ्यात शिरून आकडे बदलले. ती चोरी उघडी पडली ती वीब्रनच्या नेमामुळेच. पण पाणी खात्याच्या कार्यालयाचा विश्वास बसला कुलपावर. मला ब्लॉकचेन चढवली. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली, पाच कार्यालयांत पाच प्रती. एकीत फेरफार झाला की बाकीच्या चार बोंब मारणार. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"वीब्रनकाका, आता चिखलात जाणं बंद करा," अभियंता रिक्स्ट हसून म्हणाली. "हा आकडा कुणाच्या बापाला बदलता येणार नाही."

"आकडा नाही बदलणार गं. पाणी बदललं तर?"

"तुमचा कागदावरचा आकडा आता चालत नाही, काका. त्यावर यंत्राचा शिक्का कुठे असतो?"

सगळे हसले. वीब्रनने तरीही तीन आठवडे फेरी मारली. मग सोडली. ज्या आकड्याला कुणी विचारत नाही, तो आणायला म्हाताऱ्याने किती दिवस गुडघे झिजवायचे?

त्या मार्चमध्ये चार दिवस पाऊस लागला. नळीच्या तोंडाशी शेवाळ अडकलं. बाहेर पाणी चढत गेलं, नळीत होतं तिथेच राहिलं. यंत्राने जे पाहिलं ते मला सांगितलं, मी इमानाने नोंदवलं, पाचही कार्यालयांत शिक्के बसले. थोरला झोपून राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी जेल्टशेचा फोन आला. सगळ्यात सखल कुरण तिचं, आणि तिथे तिच्या एकोणीस गाभण मेंढ्या.

"रिक्स्ट, पाणी आलंय, पंप चालू कर!"

"जेल्टशेमावशी, पातळी ठीक दिसतेय. पावसाचं डबकं असेल."

"अगं बये, तुझ्या डबक्यात माझ्या मेंढ्या पोहतायत!"

रिक्स्टने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

शेवटी जेल्टशेने वीब्रनला गाठलं. त्याने धावत येऊन हाताने पंप सुरू केला. तोवर अकरा मेंढ्या गेल्या होत्या, पोटातल्या कोकरांसकट.

चौकशी झाली. साखळीतली कडी न् कडी तपासली. "एकाही नोंदीत फेरफार नाही. सुरक्षा निर्दोष," साहेबांनी वाचून दाखवलं, आणि कॉफीबरोबर केक वाटला गेला. जेल्टशेने बशीला हात लावला नाही.

"म्हणजे माझ्या मेंढ्या निर्दोष आकड्याने मेल्या," ती म्हणाली.



मित्रांनो, चोराने घातलेले आकडे तेव्हा पुसता आले होते. हा खोटा आकडा मात्र माझ्याच तोंडचा, आणि तो कुणालाच पुसता येणार नाही. पाच ठिकाणी जपून ठेवलाय. उद्या तुम्हीही माझ्यासारखे जुळे घडवाल. त्यांना कुलपं जरूर लावा. पण त्यांची खरी काळजी असेल, तर त्यांच्यावर रोज थोडा अविश्वास ठेवा. माझ्यावर कुणी ठेवला नाही.