डावाच पाय गार का?

मी डावी वहाण बोलतेय. उजवी माझी जोडीदारीण, पण ती मुखदुर्बळ. मला मात्र साऱ्या जगाच्या चौकशा! सत्त्याण्णव साली निमगाव केतकीच्या बाजारातून श्रीपती आबांनी आम्हाला शेळगावला आणलं. आबांच्या हृदयाची बायपास होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चाला, तरच अंगात ताकद येईल." आबांनाही एकच ध्यास. कालव्याकडेच्या आपल्या उसापर्यंत स्वतःच्या पायानं जायचं.

पण घरासमोरच्या चिंचेपाशी आलं की ते पोटरी धरून उभे. जरा थांबलं की कळ जायची, चाललं की पुन्हा हजर. घरधनीण चतुराबाई धावत यायच्या.

"छातीत दुखतंय का वो?"

"न्हाय गं, पोटरीत गोळा येतोय."

"मग ते आपरेशनचंच. पायाची शीर काढून हृदयाला लावलीया न्हवं? दुखणारच की!"

झालं! आबांचं चालणं खाटेपाशी येऊन थांबलं.

मला काही पटेना. अहो, शीर काढली उजव्या पायाची आणि गोळा येतो डाव्यात! शिवाय माझा पाय भर उन्हातही गार. उजवीला विचारलं, तर ती म्हणाली, "माझा ऊबदार हाय बाई." मग माझाच का गार? सांगायचं कुणाला? मी नुसती करकरायचे. आबा म्हणायचे, "लई वाजतीया ही."

बारामतीच्या दवाखान्यात आम्हाला नेहमीच दाराबाहेर ठेवायचे, आत सगळं बोलणं छातीचंच. त्या दिवशी मी अंगठ्यात अशी घट्ट बसले की निघेचना. आबांना वाकायला त्रास व्हायचा, म्हणून चतुराबाईच खाली बसल्या.

"अगं, लोकं बघत्यात!" आबा लाजले.

"बघू द्या." त्यांनी उजवी काढली, मग मला ओढलं, आणि त्यांचा हात पायावर तसाच राहिला. "अगं बया! ह्यो एकच पाय गार कसा?"

हेच त्यांनी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही पावलांची नाडी चाचपली. डावीकडं लागेना.

"आबा, हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, तशाच पायाच्याही तुंबल्यात. पुण्याला तपासून घेऊ. बिडी आजपासून बंद. कळ आली की थांबा, गेली की परत चाला. आणि ह्या वहाणा नकोत. बोटाला जखम झाली तर भरायची नाही, पाय जाईल. मऊ बूट घाला."

दाराबाहेर माझ्या काळजात चर्र झालं. मीच अडून बसले आणि मलाच घरी बसवलं!

आता मी पडवीच्या कोपऱ्यात असते. कातडं वाळलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या घरी कुणी चालता चालता असं थांबत असेल, तर त्याला नुसतं छातीचं विचारू नका. दोन्ही पायांना हात लावून बघा.

काल बुटांचा आवाज चिंचेपाशी थांबलाच नाही. मी कान टवकारले. बऱ्याच वेळानं आबा आले, हातात उसाचं कांडं. "कालव्यापातूर जाऊन आलो! दोनदाच थांबलो."

चतुराबाई खाली बसल्या, बूट काढले, डाव्या पायावर हात ठेवला. रस्त्यावरून माणसं जात होती. आबांनी पाय मागं घेतला नाही.