काज करणाऱ्या बाईंची जीभ

कारखान्यातली सगळी शिलाई मशीनं बंद करून बावीस जण रांगेत उभे होते. मालकांच्या आईची अंगठी नाहीशी झाली होती आणि चोर हुडकायला महाराज आले होते, मूठभर कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन.

"मंत्रानं भारलेला कागद आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "जिभेवर ठेवा. सच्च्या माणसाला कडू लागेल. चोराची जीभ मेलेली असते, तिला काही कळत नाही."

कटिंग मास्तरांनी तोंड वेडंवाकडं केलं. मागच्या तिघींनी थू थू केलं. रांगेतून नवलाची कुजबुज गेली. पाचव्या होत्या शर्टांना काजं करणाऱ्या बाई, अकरा वर्षं तिथंच कामाला. त्यांनी कागद चांगला चघळला आणि खरं तेच सांगितलं, "मला तर काहीच लागत नाही."

महाराजांनी लगेच हात वर केला. पुढच्यांची परीक्षाच झाली नाही.

"उद्यापर्यंत अंगठी आणून द्या," मालक म्हणाले, "नाहीतर कामावर येऊ नका."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "पण तू घेतली नाहीस ना?" कारखान्यातल्या आरोपापेक्षा हे बाईंच्या जिव्हारी लागलं. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "वहिनी, असले कागद आमच्या प्रयोगशाळेत डबीभर पडलेत. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी महाराज कबुली ऐकायला हजर होतेच. नणंदेनं डबीतले कागद सगळ्यांना वाटले, मालकांनासुद्धा. सहा जणांना काही लागलं नाही. सहावे मालक. कान लाल होईपर्यंत ते कागद चघळत राहिले.

"अंगठी सहा जणांनी मिळून नेली का, साहेब?" असं विचारून तिनं एक कागद महाराजांपुढे धरला. "तुम्हीही बघा."

महाराजांनी तो जिभेवर ठेवून कसंनुसं तोंड केलं. "कडूजहर."

"हा मी आत्ताच माझ्या वहीतून फाडला."

आधी कटिंग मास्तर हसले, मग सगळेच. महाराज चपला शोधू लागले.

"डबीतल्या कागदांना एक रसायन लावलेलं असतं," नणंद म्हणाली. "बऱ्याच जणांना ते कडू लागतं, काहींना जन्मतःच लागत नाही. रांगेत असा कुणीतरी सापडतोच. तो सापडला की परीक्षा थांबवायची, एवढीच यांची विद्या. एकच गोळी शंभर जणांना मानवते आणि एखाद्याच्याच अंगावर चट्टे उठतात. डॉक्टर त्याला इडिओसिंक्रसी म्हणतात. म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीराची आपली तऱ्हा. स्वभावाचंही तसंच. कुणाला पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही, कुणी कुलूप तीनदा ओढून बघतं. म्हणून ती माणसं चोर ठरत नाहीत."

मालकांनी सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. नवऱ्यानंही मागितली, जरा उशिरा.

अंगठी अजून मिळालेली नाही. पोलीस शोधताहेत, आणि शोधायची रीत तीच आहे. विचारा, तपासा, पुरावा मागा. एखाद्या माणसात आपल्यापेक्षा वेगळं काही दिसलं, तर आधी त्याचं कारण शोधा. बोट दाखवायची घाई करू नका.