रेवताबाईचं नाव बाटलीवर

करडी गावात कुणाच्या घरी मोहाची दारू गाळली जातेय अशी नुसती कुणकुण लागली, की रेवताबाई पदर खोचून निघायची. बारा वर्षांपूर्वी तिने बायकांचा गट उभा केला, मडकी फोडली आणि नियम बांधला, की गावात दारू आणणाऱ्याने पाच दिवस चौक झाडायचा. पहिला झाडू तिने आपल्याच नवऱ्याच्या, बुधरामच्या हातात दिला. तेव्हापासून बुधराम चहासुद्धा घाबरत पितो, असं गाव म्हणतं.

अशा बाईची लेक रीना नाशिककडे, दिंडोरीच्या बाजूला, वाइनच्या कारखान्यात नोकरीला होती. आईला तिने तीन वर्षं ‘द्राक्षाच्या रसाचा कारखाना’ एवढंच सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. त्या रसाचं पुढे काय होतं, ते तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

या दिवाळीला मात्र सांगणं भाग होतं. तिच्या बॅगेत पांढऱ्या कोरड्या वाइनची बाटली होती आणि मागच्या चिठ्ठीवर मराठीत छापलं होतं : चव पारखली – रीना रेवता मारबते. बापाचं नको, आईचं नाव लावा, हा हट्ट तिचाच. हट्ट करताना ऊर भरून आला होता. एसटी करडीला थांबली तेव्हा तिने बाटली कपड्यांच्या तळाशी सारली.

पण ती जीभ आईचीच देणगी होती, त्याला काय करणार? बुधराम जाळं टाकायचा, रेवताबाई जवळच्या मोहाडीच्या बाजारात मासोळी विकायची आणि उरलेली घरी रांधून लेकीला डोळे मिटायला लावायची. घास भरवून विचारायची, सांग, कोण्या तलावाची? रोहू तीच, पण गाळाच्या बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, वेगळी लागते नि खडकाळ तलावातली वेगळी. रीना चुकली तर समजावायला आणखी एक घास, बरोबर आली तर बक्षीस म्हणून एक. पोरीचं पोट दोन्हीकडून भरायचं.

कारखान्यात पारख करणारे निवडायचे होते, तेव्हा सगळ्यांपुढे तीन पेले ठेवले. द्राक्षं एकाच जातीची, मळे तीन : मुरमाड टेकडीवरचा, काळ्या जमिनीतला आणि धरणाच्या काठचा. तिकडे हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी पडते, त्याने द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. कोरड्या वाइनमध्ये साखर सगळी आंबून गेलेली असते, त्यामुळे गोडव्याचा आडोसा नाही, मातीची चव उघडी पडते. एकदा नावं सांगून चाखवले, मग पेल्यांची अदलाबदल केली. शिकलेसवरलेले अडखळले. रीनाने तिन्ही ओळखले. कुठे शिकलात, असं साहेबांनी विचारलं. चुलीपाशी, ती म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तिने बाटली आईच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. बुधराम जाळ्याचं निमित्त काढून अंगणात सटकला. रेवताबाई गटात सही करायला म्हणून अक्षरं शिकली होती. तिने बोट ठेवून चिठ्ठी वाचली. रीनाच्या पुढच्या नावावर बोट थांबलं.

“माझं नाव? दारूवर?”

“जीभ तुयी हाय, माय. मंग नाव दुसऱ्या कोणाचं लावू?”

रेवताबाई उठली. बाटली पदराखाली घेऊन तलावाकडे चालू लागली. फोडायला चालली, हे रीनाला कळलं. ती मागोमाग गेली. बाटली फुटली तर फुटो, आईने तोंड फिरवू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

तलावाच्या पाळीवर रेवताबाईने झाकण फिरवलं. ओठाला न लावता बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

“काळ्या मातीचं नोहे हे,” ती म्हणाली. “दगडगोट्याचं हाय.”

रीनाला रडू आवरेना. बाटली टेकडीवरच्या मळ्याचीच होती.

तेवढ्यात गटातली चंद्रकला कपडे धुऊन वर आली आणि हातात काय आहे म्हणून विचारू लागली. रस आहे मावशी, रीना घाईने म्हणाली.

“रस नोहे,” रेवताबाई म्हणाली. “दारू हाय. अन् माझं नाव हाय त्यावर. वाच.”

चंद्रकलाने वाचलं, बादली खाली ठेवली आणि आता नियमाचं काय, असं हळूच विचारलं. नियम तो नियम, रेवताबाई म्हणाली. पूर्वी जाळं टाकण्याआधी तलावाला मोहाची धार देत. ती बंद करून नारळपाणी तिनेच सुरू केलं होतं. आज तिने अख्खी बाटली पाण्यात ओतली आणि हात जोडले. ज्या पाण्याने पोरीला जीभ दिली, त्याचा मान त्याला.

सकाळी चौकात झाडू घेऊन खुद्द रेवताबाई उभी. बाटली मी आणली, दंड माझा, असं रीना म्हणाली, तर आईने तिच्या हातात दुसरा झाडू दिला. बुधरामला या कामाचा अनुभव होता, तो दुरून कोपरे दाखवत होता. जो तो थांबून विचारायचा, काहून झाडून राहिली वं? मग रेवताबाई कंबर सरळ करायची, पारावर ठेवलेली रिकामी बाटली उचलायची आणि मागची चिठ्ठी विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरायची.

सहाव्या दिवशी रीना नाशिकला निघाली, तेव्हाही आई चौकात झाडतच होती. पाच दिवस कालच भरले, अशी चंद्रकलाने आठवण करून दिली.

“भरले असतील,” रेवताबाई म्हणाली. “पण अर्ध्या गावानं अजून विचारलंच कोठं?”