दयाळ की चिरक

“शिवा, मागं बघायचं न्हाय. सांग, आत्ता कोण बोललं?” चन्नाप्पानं विचारलं.

पोर मागल्या परड्याच्या दाराकडं पाठ करून बापासमोर बसली होती. जरा थांबून म्हणाली, “दयाळ.”

दयाळच होता. चन्नाप्पाचा जीव भांड्यात पडला, पण तिथं टिकेल तर शपथ! शाहूपुरीत अडतीवर गुळाच्या ढेपा तोलणारा हा दांडगा गडी, पण हल्ली घास गिळायचा म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं. संस्थान विलीन झाल्यावर या तापावरच्या नव्या सुया कुठं मिळायला लागल्या, म्हणून शिवा, त्याची शिवगंगा, मेंदूच्या तापातून उठली. डॉक्टरांनी मात्र तेव्हाच बजावलं होतं, “पोरगी हाती लागली, पण या औषधानं कान जाऊ शकतात. लक्ष ठेवा.”

आता कानांवर लक्ष ठेवायचं कसं? काही विचारलं की ती तोंडाकडं बघून उत्तर द्यायची. म्हणून त्यानं परड्यात येणाऱ्या या पाखरांचा आधार घेतला. दोन्ही भावकीतली, काळीपांढरी, शेपटी वर करून मिरवणारी. पोटाला पांढरा तो दयाळ, पंखावरचा पांढरा डाग सोडला तर सगळा काळा आणि बुडाशी तांबूस तो चिरक. दयाळाची शीळ लांब आणि गोड, चिरक तुटक बोलून गप्प होतो. आजाराआधी शिवा डोळे मिटून सांगायची.

“आता?”

“चिरक.”

बरोबर. “शांते, ऐकलंस न्हवं? कान शाबूत हायेत पोरीचं.”

“व्हय की,” त्याच्या पाठीमागं जोंधळं निवडत बसलेली शांतव्वा म्हणाली.

पुन्हा शीळ आली. पोर त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती. चन्नाप्पा गर्रकन वळला. शांतव्वाचं एक बोट सुपावर उभं होतं.

“ह्ये काय गं?”

“एक बोट दयाळ, दोन बोटं चिरक,” शांतव्वानं मान खाली घातली. “पोरच म्हणाली, अप्पा जेवत न्हाईत, त्यास्नी सांगू नगंस. मी तरी काय करू?”

चन्नाप्पाला भडभडून आलं. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? शिवा चोरी सापडल्यागत त्याच्या ओठांकडं बघत होती.

परड्यात चिरक बोलला. चन्नाप्पानं तो नीट ऐकून घेतला. मग पोरीकडं वळून त्यानं आपली दोन बोटं वर केली.

“चिरक,” शिवा म्हणाली, जरा मोठ्यानंच.