शेवटच्या रांगेतली बारा नंबरची खुर्ची

मित्रांनो, शहरातल्या मऊ खुर्च्यांत रेलून सिनेमा बघताना तुम्हाला माझी आठवण येण्याचं कारण नाही. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, माणूस उठला की खाडकन मिटणारी. सर्बियाच्या पूर्वेला, तिमोक नदीकाठच्या आमच्या गावात ‘झोरा’ नावाचं थेटर आहे. त्याच्या शेवटच्या रांगेत, दाराला लागून माझी जागा.

गावच्याच सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. तरुणपणी मला उसंत नव्हती. रविवारी माझ्यावर दोन-दोन पोरं दाटीवाटीने बसायची. एकाने तर माझ्या पाठीवर चाकूने प्रेयसीचं नाव कोरलं आणि लग्न दुसरीशी केलं! तिकीट आजही एका बुरेकहून, म्हणजे चीज भरलेल्या खमंग पोळीच्या तुकड्याहून, स्वस्त आहे, आणि सोयीही तशाच. शेगडी उबेपेक्षा धूर जास्त देते, म्हणून लोक घोंगडी घेऊन येतात. पडद्याला ठिगळ आहे. नट त्या कोपऱ्यात गेला की त्याच्या गालावर व्रण उमटतो. पण प्रेक्षकांनी कधी कुरकूर केली नाही.

पुढे गर्दी ओसरली. खेळ फक्त गुरुवारी उरला. तेव्हाही स्पासोयेकाका न चुकता येत आणि माझ्यावर बसत. शेजारी त्यांची बायको ग्रोझ्दानाकाकू. काकूंची दृष्टी गेली होती. पडद्यावर काय चाललंय ते काका त्यांच्या कानात सांगत. एकदा ती दोघं शहरातल्या थेटरात गेली, तर लोकांनी दहा मिनिटांत गप्प करून बाहेर काढलं. आमच्याकडे त्यांना कुणी हटकलं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

या हिवाळ्यात स्पासोयेकाका वारले. मी रिकामी राहिले.

त्यातच नगरपालिकेचा नियम आला होता. पाच माणसं जमल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही आणि ओळीने तीन गुरुवार खेळ बुडाला, तर थेटरला कुलूप. दोन गुरुवार बुडाले होते. तिसऱ्या गुरुवारी एक निवृत्त शिक्षिका आणि एक प्रेमी जोडपं आलं. मग काठी टेकत ग्रोझ्दानाकाकू एकट्याच आल्या आणि त्यांनी दोन तिकिटं मागितली.

तिकीटवाली दोब्रिला जिभेने तिखट, पण आज तिने दोन्ही तिकिटं निमूट फाडून दिली. “ताई, तिकिटं पाच झाली, माणसं चारच. मी तरी काय करू?”

दारातल्या छपराखाली बर्फ चुकवत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिलोये उभा होता. त्याला दोब्रिलाने कायमचा हाकलला होता, कारण तो सिनेमा चालू असताना “मागे बघ, गाढवा!” असं नायकाला ओरडून सांगायचा.

“मिलोये, इकडे ये,” काकू म्हणाल्या. “हे तिकीट धर. स्पासोयेचं आहे.”

आमच्या भागात गेलेल्याच्या नावाने पान वाढतात, तेव्हा एका जित्या माणसाला त्याच्या जागी बसवतात. याने खाल्लं की त्याला पोचतं, असं मानतात. पण सिनेमासाठी कुणी असं केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मिलोयेने टोपी काढली. “काकू, मला कुजबुजता येत नाही हो.”

“मग ओरड. मला आंधळेपण आलंय, बहिरेपणही आलं तर बघू.”

“दोब्रिलाबाई हाकलतील.”

“मेल्या, बस गपगुमान!” दोब्रिला डोळे पुसत म्हणाली. “म्हणजे गप नको बसूस. सांग त्यांना.”

तो माझ्यावर बसला. धिप्पाड माणूस, माझे सांधे करकरले, पण मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आधी तो अडखळत होता. “आता एक बाई आली. लाल कोट. नाक जरा आमच्या मेहुणीसारखं.” काकू हसल्या. पुढची शिक्षिकाही हसली. मग त्याची गाडी जी सुटली, ती थांबेना.

शेवटी नायक धक्क्यावर उभा राहिला आणि नायिकेची बोट सुटली. ती गेली, ती गेलीच. समोर नुसतं पाणी. मिलोये एकाएकी गप्प झाला.

“काय झालं रे? सांग ना.”

त्याने घसा खाकरला. “काही नाही, काकू. ती उतरली. धावत परत आली.”

काकूंनी चाचपडत त्याच्या हातावर हात ठेवला. “आवाज बसला तुझा. वाईट शेवट झाला की स्पासोयेही मला असंच खोटं सांगायचा. संगीतावरून कळायचं मला. पण मी त्याला कधी बोलले नाही.”

मित्रांनो, मी लाकडाची वस्तू, मला रडता येत नाही. दिवे लागल्यावरही ती दोघं बराच वेळ बसून होती आणि दोब्रिलाने त्यांना उठवलं नाही. आम्हा खुर्च्यांना रंग नको, गादीही नको. तुमच्या गावात असं एखादं थेटर उरलं असेल, तर गुरुवारी जरा वाट वाकडी करून जा. चार माणसं आत पाचव्यासाठी ताटकळत असतील.